नेपाळमधल्या पाल्पाला २० विद्यार्थ्यांची सेवा-सहल: तारखा, कागदपत्रं आणि शाळेतलं काम कसं ठरवावं?

रासेयो_सातारा

नमस्कार मंडळी. कॉलेजचे २० विद्यार्थी (१२ मुली, ८ मुलगे, वयं १७ ते २०) आणि दोन शिक्षक असा गट नेपाळला न्यायचं चाललंय. पाल्पा जिल्ह्यात तानसेनजवळच्या डोंगरातली एक सरकारी शाळा आणि त्याच गावातली राहण्याची घरं जवळजवळ ठरली आहेत. एकूण १२ दिवस, त्यातले सहा दिवस शाळेत काम, एक दिवस लुंबिनी.

सध्याचा आराखडा असा: दिवाळीच्या सुट्टीत जायचं. कल्याणहून रेल्वेने गोरखपूर, पुढे सीमेवरचं सोनौली. आधार कार्ड सगळ्यांकडे आहे, पासपोर्ट सात जणांकडेच. मुलं इथून वह्या, दप्तरं, कपडे गोळा करून नेऊ म्हणताहेत, शाळेत सहा दिवस इंग्रजी शिकवू म्हणताहेत आणि एक दिवस अनाथाश्रमाला भेट द्यायची आहे. शिवाय दोन वर्गखोल्या रंगवायच्या.

यात काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा. अजून काहीच आरक्षित केलेलं नाही.

उत्तरवाट

सर, आरक्षण केलेलं नाही हे फार बरं झालं, कारण पहिली चूक तारखेतच आहे. आपली दिवाळी तोच त्यांचा तिहार. दसऱ्याच्या सुमाराला दसैं सुरू होतो, मग तिहार, मग छठ. या काळात तिथल्या शाळांना लांब सुट्ट्या असतात. तुम्ही पोचाल तेव्हा शाळेला कुलूप असेल, गावातली माणसं नातेवाइकांकडे गेलेली असतील आणि बसगाड्या खच्चून भरलेल्या असतील.

त्यांचं शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्यावर सुरू होतं. जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस येतो आणि डोंगरातले रस्ते दरडींनी अडायला लागतात. म्हणून तुमच्यासाठी खरा कालावधी एकच, मेचा दुसरा पंधरवडा. शाळा भरलेली असते, नवं वर्ष नुकतंच सुरू झाल्यामुळे परीक्षेचं ओझं नसतं आणि आपल्याकडेही उन्हाळी सुट्टी असते. विद्यापीठाच्या परीक्षा तोवर संपतात का, तेवढं पाहून घ्या. तानसेन साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मे महिन्यात हवा सोसवते. खाली मैदानातल्या भैरहवा आणि बुटवलला मात्र आग ओकत असते.

तारखेबद्दल आणखी एक. शाळेचं पत्र येईल त्यावर तारीख विक्रम संवतातली असेल, "जेठ ५ गते" अशी. आपण ते ज्येष्ठ शुद्ध पंचमी समजून मोकळे होतो आणि तिथेच फसतो. नेपाळचे महिने सौर आहेत, त्यात शुद्ध-वद्य नाही. जेठ ५ म्हणजे साधारण १९ मे. दोन्ही बाजूंच्या प्रत्येक पत्रावर इंग्रजी तारीख आणि वारसुद्धा लिहायला सांगा. वार लिहिला की चूक लगेच सापडते.

वारावरून आठवलं. तिथे साप्ताहिक सुट्टी शनिवारची, आणि शुक्रवारी बऱ्याच शाळा अर्धा दिवस असतात. रविवारी शाळा भरते का, ते मुख्याध्यापकांनाच विचारून घ्या. भरत असेल तर आखणी अशी करा: गुरुवारी रात्री रेल्वेत बसा, शनिवारी सकाळी गोरखपूर, त्याच संध्याकाळी तानसेन. रविवार ते शुक्रवार काम. शनिवारी लुंबिनी. रविवार मोकळा ठेवा. सोमवारी परतीची गाडी, बुधवारी घरी. हे १४ दिवस होतात. १२ दिवसांत बसवायचं तर आधी मोकळा दिवसच जातो, आणि नेमका त्याच वेळी रस्ता बंद होतो.

रस्ता बंद का होतो? बुटवल सोडलं की तानसेनच्या वाटेवर सिद्धबाबाचा टप्पा लागतो. कडा थेट रस्त्यावर झुकलेला, वरून दगड येतात. त्याला पर्याय म्हणून बोगद्याचं काम सुरू आहे आणि कामासाठी ठरावीक वेळी वाहतूक थांबवतात. आदल्या दिवशी गाडीवाल्याकडून वेळा विचारून घ्या. पाऊस पडत असताना किंवा अंधारात हा टप्पा ओलांडायचा नाही, मग बुटवलला रात्र काढावी लागली तरी चालेल. अंतरं तशी कमी आहेत: गोरखपूर ते सोनौली १०० किमीच्या आत-बाहेर, भैरहवा ते बुटवल २५ च्या आसपास, बुटवल ते तानसेन ४० च्या आसपास. पण शेवटच्या ४० किमीला मैदानातला हिशोब लावू नका.

आता कागदपत्रं. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, यामुळे सगळे निवांत राहतात. सोनौलीच्या फाटकातून चालत जाताना पुष्कळदा कुणी अडवत नाही हेही खरं. पण एखादी मुलगी आजारी पडली आणि तिला विमानाने परत आणायची वेळ आली, तर पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र यांपैकी एक लागतंच. १५ ते ६५ वयोगटाला विमानासाठी आधार चालत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: १८ पूर्ण झालेल्या प्रत्येकाकडे या दोनपैकी एक कागद, मूळ प्रत. मतदार नोंदणीचा ६ नंबरचा अर्ज आजच भरायला लावा. पासपोर्ट काढायचा तर साधं शुल्क १,५०० रुपये आहे, पोलीस पडताळणीसकट तीन महिने हातात धरा. १५ ते १८ वयाच्या मुलांसाठी प्राचार्यांनी ठरलेल्या नमुन्यात दिलेलं, फोटो लावलेलं ओळख प्रमाणपत्र चालतं. तुमच्या १७ वर्षांच्या मुलांसाठी ते घ्या, सोबत आईवडिलांचं संमतीपत्र.

रेल्वे आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच प्रवासी बसतात. २२ जणांची चार तिकिटं होतील. प्रत्येक तिकिटावर निदान एक जबाबदार मोठा मुलगा किंवा मुलगी असेल असं नावांचं वाटप करा, म्हणजे डबे वेगळे आले तरी कुणी एकटं पडत नाही.

भारतीय गाडी पलीकडे नेऊ नका. तिला भन्सारचा, म्हणजे तिथल्या जकातीचा, रोजचा परवाना लागतो आणि त्यात अर्धा दिवस जातो. सोनौलीला उतरा, सामान घेऊन फाटक पायी ओलांडा आणि पलीकडच्या बेलहियाहून नेपाळी बस ठरवा.

पैसे: भारतीय १०० रुपयांना नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. घासाघीस करायची गरज नाही आणि कुणी १५० देऊ केले तर घेऊ नका. शंभराच्या आणि त्याखालच्या नोटा न्या, मोठ्या नोटांवर विसंबू नका. शहरातल्या बऱ्याच दुकानांत आपलं यूपीआय चालतं, गावात धरून चालू नका. आणि घड्याळं १५ मिनिटं पुढे करायला सांगा. बस ११ ला सुटणार म्हणजे त्यांच्या ११ ला.

खडूफळा

शाळेतल्या कामाबद्दल लिहितो. सर, कडक वाटेल, पण मुलांच्या भल्यासाठी लिहितोय.

अनाथाश्रमाची भेट यादीतून काढून टाका. नेपाळमध्ये अशा संस्थांतल्या अनेक मुलांचे आईवडील जिवंत असतात. शिक्षणाच्या आशेने पोरं पाठवली जातात आणि पाहुणे व देणग्या येत राहिल्या की काही ठिकाणी मुलं आणून ठेवणं हाच धंदा होतो. शिवाय दोन तास लाड करून निघून जाणारी माणसं दर आठवड्याला बघणं लहान मुलाला फार जड जातं. तुमच्या २० जणांना यातून शिकायला काही मिळत नाही, त्या मुलांना तर नाहीच.

सहा दिवसांचं इंग्रजीही तसंच. त्यांच्या शिक्षकांचा पाठ मोडतो आणि तुम्ही गेल्यावर पुढचं कुणी करत नाही. त्याऐवजी असं काही करा जे शिक्षकांच्या हातात राहील. अरविंद गुप्तांनी लोकप्रिय केलेला आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा खेळ बघा. ट्यूबचे दीड सेंटिमीटरचे तुकडे कापायचे, काड्यांचं गुल ब्लेडने आधीच खरवडून टाकायचं (हे मोठ्यांनी करायचं) आणि तुकड्यात काड्या खोचून आकार बनवायचे. तीन काड्या आणि तीन तुकडे म्हणजे त्रिकोण. चार आणि चार म्हणजे चौकोन. दोन बोटांनी दाबा: चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग चौकोनात तिरपी काडी बसवून पुन्हा दाबायला सांगा. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप ७.८ तीव्रतेचा होता आणि नेपाळच्याच गोरखा भागातून उठला. घराच्या चौकटीला तिरपा आधार का देतात, हे त्या मुलांना सांगायला यापेक्षा सोपं साधन नाही. ४० मुलांना प्रत्येकी सात तुकडे म्हणजे २८० तुकडे, म्हणजे साधारण सव्वाचार मीटर ट्यूब. फुकट जाणारं धरून सहा मीटर साताऱ्यातूनच न्या, मुठीत मावते. काड्यापेट्या तिथे घ्या. कृती शिक्षकांसोबत बसून नेपाळीत लिहून वर्गात लावा.

आता रंगकाम. दोन नाही, तीन खोल्या धरा, पण एका वेळी एकच. म्हणजे एकच वर्ग ओसरीत बसतो, शाळा चालू राहते. साधारण २० बाय १६ फुटांची, ९ फूट उंचीची खोली असेल तर भिंती ६४८ चौरस फूट. दारं-खिडक्या वजा जाता ५५०. खरखरीत गिलाव्यावर दोन हातांसाठी लिटरला ९० चौरस फूटच धरा, डब्यावर लिहिलेला आकडा गुळगुळीत भिंतीचा असतो. म्हणजे खोलीला सहा लिटर, तीन खोल्यांना २० लिटरची एक बादली. प्रायमर खोलीला चार लिटर.

बिघडतं ते बहुधा पहिल्याच दिवशी. जुन्या भिंतीवर चुन्याचे थर असतात, उत्साहात त्यावरच रंग फासला की पहिल्या पावसाळ्यात पापुद्रे सुटतात. ओलं करून खरवडा, ८० नंबरच्या कागदाने घासा, ओल्या फडक्याने पुसा, वाळू द्या, मगच प्रायमर. कोरडं घासायचं नाही, कारण जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ मुलांच्या बाकांवर बसते. मास्क सगळ्यांना, आणि त्या खोलीत लहान मुलांना येऊ द्यायचं नाही. नवा रंग घेताना डब्यावर शिशाचं प्रमाण बघा, नेपाळमध्ये मर्यादा ९० पीपीएम (दहा लाखांत ९० भाग) आहे.

मे महिन्यात दुपारनंतर ढग येतात, वारा सुटतो, सर पडते. त्यामुळे शेवटचा हात दुपारी १२ च्या आत संपवायचा. एका खोलीत पाचापेक्षा जास्त जण नकोत, बाकीचे एकमेकांना धक्के मारतात. उरलेल्यांनी ग्रंथालयाची पुस्तकं झाडून, इयत्तेप्रमाणे लावून यादी करावी. भिंतीत तिरपी भेग दिसली तर तिथे लांबी (पुट्टी) भरून रंग फासू नका. भेग झाकली की धोका तसाच राहतो, फक्त दिसेनासा होतो. मुख्याध्यापकांना दाखवा, गाउँपालिकेच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण स्थानिक संस्थेच्या, अभियंत्याला बोलवायला सांगा आणि ती खोली सोडून द्या.

काम ठरवायचं ते विद्यालय व्यवस्थापन समितीने. त्यांचं पत्र आणि गाउँपालिकेची संमती दोन्ही घ्या, सरकारी शाळा तिच्याच अखत्यारीत येतात. पत्रात तुम्ही काय करणार यासोबत काय करणार नाही तेही लिहा.

वह्या-दप्तरं इथून नेऊ नका. नव्या वस्तूंचे गठ्ठे दिसले की भन्सारवर अडकतात, आणि जुने कपडे दिले की घेणाऱ्याला खाली मान घालावी लागते. रंग, ब्रश, वह्या सगळं बुटवलच्या बाजारातून घ्या, मुलांच्या हाती न देता शाळेच्या नावे पावती करून मुख्याध्यापकांकडे द्या. फोटो विचारून काढा, आणि शाळेतल्या मुलांचे चेहरे, नावं आणि गाव एकत्र कुठेही टाकू नका.

माजघर

घरात राहण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. सर, तुमच्याबरोबरच्या दोन शिक्षकांत एक बाई असायलाच हव्यात, बारा मुली आहेत.

जेवणाच्या वेळा मुलांना आधी समजावून सांगा. डोंगरातल्या घरांत सकाळी चहा मिळतो आणि पहिलं पोटभर जेवण दहाच्या आत: दाल, भात, तरकारी, अचार. शाळा दहाला भरते म्हणून. दुपारी एक-दोनला खाजा, म्हणजे चिवडा-चणे किंवा चाउचाउ (नूडल्स) असं हलकं काही. रात्रीचं जेवण सातच्या सुमाराला. आपली मुलं दहाला "आत्ता भूक नाही" म्हणून अर्धंच खातात आणि एक वाजता रंगकाम करताना डोळ्यापुढे अंधारी येते. पहिल्या दोन दिवसांसाठी भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिक्की जवळ ठेवा.

उष्ट्याचा नियम आपल्या आजीच्या घरासारखाच, पण कडक. त्याला ते जूठो म्हणतात. आपल्या ताटातला चमचा भांड्यात घालायचा नाही, बाटलीला तोंड लावून दुसऱ्याला द्यायची नाही, वाढून घेतलेलं परत ठेवायचं नाही. चुलीपाशी बोलावल्याशिवाय जायचं नाही.

पाळीबद्दल मुलींशी निघण्याआधी स्पष्ट बोला. काही घरांत त्या दिवसांत स्वयंपाकघरात आणि देवघरात येऊ देत नाहीत. घरं ठरवतानाच यजमान आमांना (घरातल्या आईंना) आपल्या शिक्षिका बाईंमार्फत विचारून घ्या. जिथे मुलीला वेगळं, घराबाहेर झोपायला सांगतील ते घर घेऊ नका. पॅड पुरेसे इथूनच न्या, आणि टाकायची सोय नसेल तर कागद व जाड पिशवीत बांधून परत आणा, ओढ्यात किंवा संडासात नको.

पाणी ही त्या भागातली खरी अडचण. तानसेन डोंगरमाथ्यावर आहे, उन्हाळ्यात टंचाई असते, आणि गावात धाऱ्यावरून, म्हणजे सार्वजनिक पाणवठ्यावरून, भरून आणावं लागतं. २२ पाहुण्यांनी रोज दोन-दोन बादल्या आंघोळीला घेतल्या तर यजमान बाईला दिवसभर खेपा घालाव्या लागतील. एका दिवसाआड अर्धी बादली, आणि पाणी आणायला आपली मुलं-मुली जातील हे आधीच ठरवा. पिण्याचं पाणी उकळलेलंच प्यायचं. ओआरएसची किमान ४० पाकिटं न्या. रोजची औषधं ज्यांना आहेत त्यांनी चिठ्ठीसह दुप्पट घ्यावीत. गंभीर आजारपणात तानसेनमध्ये १९५४ पासूनचं युनायटेड मिशन हॉस्पिटल आहे. तिथवर रात्री गाडी कोण नेईल त्या माणसाचं नाव आणि नंबर पहिल्याच दिवशी लिहून घ्या. प्रवास विमा सगळ्यांचा काढा, परत आणण्याचा खर्च त्यात धरलेला आहे ना ते वाचून.

शाकाहारी मुलांना एक वाक्य पाठ करायला लावा: "म मासु खाँदिनँ". मोमोमध्ये पुष्कळदा बफ, म्हणजे म्हशीचं मांस असतं, आणि मगर जमातीच्या घरांत डुकराचं मांस सणासुदीला कौतुकाने वाढतात. नको म्हणताना तोंड वाकडं न करता हात जोडून नको म्हणावं. कांदा-बटाटा न खाणारं कुणी असेल तर त्याची अडचण होईल, त्याच्या घरच्यांशी आधीच बोला.

रासेयो_सातारा

सगळ्यांचे मनापासून आभार. दिवाळी रद्द, मे पक्का. अनाथाश्रम, कपडे आणि इंग्रजीचे वर्गही रद्द. प्राचार्यांना १४ दिवस सांगतो.

एक राहिलं: सांस्कृतिक देवाणघेवाण. मुलं लेझीम आणि पोवाडा म्हणताहेत. २० लेझीम न्यायच्या का?

वाघशेळी

लेझीम दहा पुरेत. दहा आपली मुलं, मग त्याच दहा त्यांच्या हातात. २० नेल्या की आपलेच २० नाचतात आणि गाव बघत बसतं. पोवाडा एकच, पाच मिनिटांचा, आणि आधी गोष्ट सांगून.

पण तुमच्याकडे याहून मोठं भांडवल आहे: लिपी एकच आहे. नेपाळी मुलगा मराठी पाटी वाचू शकतो आणि आपली मुलं त्यांचं पाठ्यपुस्तक पहिल्याच दिवशी मोठ्याने वाचू शकतात. शब्द ओळखीचा आणि अर्थ भलताच, असे शब्द दोन्हीकडच्या मुलांनी मिळून गोळा करावेत. नेपाळीत घाम म्हणजे ऊन, आपल्याकडचा घाम म्हणजे त्यांचा पसिना. त्यांचा ढोका म्हणजे दार. शिक्षा म्हणजे शिक्षण, त्यामुळे "शिक्षा" लिहिलेल्या पाटीने आपली मुलं दचकतात. काका आणि मामा मात्र दोन्हीकडे सारखेच. "ळ" त्यांच्या वर्णमालेत नाही. "केळं, फळा, बाळ" म्हणायला शिकवा, वर्ग खिदळतो. रोज २० शब्द, सहा दिवसांत १२०, एका मोठ्या कागदावर, शाळेच्या भिंतीवर. तीच यादी उतरवून आणा, पुढे पत्रं लिहायला तीच उपयोगी पडते.

दुसरं, शिकायचंही आहे. रोज एक तास तिथल्या मुलांनी शिकवायचं आणि आपल्यांनी मुकाट शिकायचं. बाघचालपासून सुरुवात करा. आपल्या वाघ-बकरीचं हे भावंड: पाच बाय पाच, म्हणजे २५ बिंदूंचा पट, चार वाघ चार कोपऱ्यांत, २० बकऱ्या एकेक करून पटावर येतात. वाघ उडी मारून बकरी खातो. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकले. चारही वाघांना हलता येईनासं झालं की बकऱ्या जिंकल्या. बकऱ्यांकडून खेळायला आपल्या मुलांना लावा, गावातली लहान पोरं त्यांना सहज हरवतील आणि तिथेच गट्टी जमेल.

शाळेची परवानगी असेल तर ओसरीच्या फरशीवर असे दोन पट रंगवून या. एकेक फुटाचे चार घर, म्हणजे चार फुटी चौरस. दोऱ्याला खडू लावून रेघा मारा, आडव्या-उभ्या आणि मग तिरप्या. भिंतीचा उरलेला रंग फरशीवर वापरू नका, पायाने महिन्याभरात जातो. एक लिटर इनॅमल वेगळं घ्या आणि २४ तास कुणाला पाय ठेवू देऊ नका. म्हणून हे काम शुक्रवारी अर्ध्या दिवसानंतर काढा, शनिवारी शाळा बंदच असते.

उत्तरवाट

वरच्यात दोन गोष्टी जोडतो. पहिलं, १४ दिवस सांगताना प्राचार्यांना मोकळ्या रविवारचं कारणही सांगा. २०२५ च्या सप्टेंबरात आंदोलन पेटलं तेव्हा काठमांडूचं विमानतळसुद्धा बंद करावं लागलं होतं. स्थानिक बंद तर एरवीही होतात आणि बंदच्या दिवशी रस्त्यावर गाडी काढायची नसते. निघण्याआधी सगळ्यांची यादी काठमांडूच्या भारतीय दूतावासाला ईमेलने कळवून ठेवा. दुसरं, लुंबिनी परतीच्या वाटेवरच ठेवा, जाताना नको. भैरहवापासून ते २२ किमीच्या आसपास आहे, आणि मेच्या उन्हात मायादेवी मंदिराचा परिसर अनवाणी चालायचा असतो. सकाळी आठच्या आत पोचा, पायमोजे जवळ ठेवा.